विरार लोकलमधले सात खासदार

चर्चगेटहून सुटलेली विरार लोकल विरारला पोचेस्तोवर सात लोकसभा मतदारसंघ ओलांडते. मरीन लाइन्स, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल हा दक्षिण मुंबईचा मुलूख. दादर-माहीम आलं की दक्षिण मध्य. माहीमची खाडी ओलांडली की वांद्र्यापासून पार्ल्यापर्यंत उत्तर मध्य, आणि अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव म्हणजे उत्तर पश्चिम. मालाडला गंमत आहे. रुळांच्या पश्चिमेला उत्तर मुंबईचा खासदार, आणि पूर्वेचा बराचसा भाग दिंडोशीत मोडत असल्यानं तिथं उत्तर पश्चिमचा. दहिसर गेलं की मुंबई संपली. मिरा रोड-भाईंदरचा खासदार ठाण्याचा, आणि भाईंदरची खाडी मागं पडली की नायगाव, वसई, नालासोपारा, विरार हे सगळं पालघरच्या खासदाराचं. मुंबईच्या सहा खासदारांपैकी ईशान्य मुंबईचा तेवढा या रुळांवर भेटत नाही. त्याच्यासाठी सेंट्रलनं घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड करावं लागतं.

मी नालासोपाऱ्याची. संध्याकाळच्या गाडीला आमच्या लेडीज डब्यात अंधेरीला एक मुलगी चढते, तिच्या हातात स्पर्धा परीक्षेचं जाडजूड गाईड असतं. परवा तिनं विचारलं, "ताई, लोकसभेचे सदस्य ५४३ की ५५२? माझ्या पुस्तकात दोन्ही छापलंय."

दोन्ही छापणाऱ्याचं अगदीच चुकलेलं नाही. राज्यघटनेचं कलम ८१ जास्तीत जास्त किती, तेवढं सांगतं: राज्यांतून ५३० पर्यंत आणि केंद्रशासित प्रदेशांतून २० पर्यंत. झाले ५५०. त्यावर राष्ट्रपती अँग्लो-इंडियन समाजातले दोघे नेमू शकत, म्हणून ५५२. ही नेमणुकीची सोय १०४ व्या घटनादुरुस्तीनं जानेवारी २०२० मध्ये संपली. म्हणजे ५५२ हा आता इतिहास, ५५० ही कमाल मर्यादा, आणि प्रत्यक्षात निवडून येणारे ५४३. त्यातले ५२४ राज्यांचे आणि १९ केंद्रशासित प्रदेशांचे. गाईड छापणाऱ्यांनी २०२० नंतर पान बदलायला हवं होतं, एवढाच दोष.

या ५४३ पैकी ८० एकट्या उत्तर प्रदेशचे. दुसरा नंबर आपला, ४८. मग पश्चिम बंगाल ४२, बिहार ४० आणि तामिळनाडू ३९. ही पाच राज्यं धरली की २४९ होतात. सिक्कीम, नागालँड आणि मिझोरम यांना मात्र एकेकच.

ही वाटणी कशी झाली? नियम वाचायला साधा आहे. राज्याच्या जागा आणि त्याची लोकसंख्या यांचं प्रमाण, शक्य तितकं, सगळ्या राज्यांत सारखं हवं. ६० लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या छोट्या राज्यांना यातून सूट आहे. केंद्रशासित प्रदेशांचं गणित वेगळं, संसद ठरवील तसं. त्यामुळे लक्षद्वीपला स्वतःचा खासदार आहे. २०११ च्या जनगणनेत लक्षद्वीपची लोकसंख्या भरली ६४ हजारांच्या आसपास. मुंबई महापालिकेचे प्रभाग २२७. त्याच जनगणनेतल्या मुंबईच्या १ कोटी २४ लाखांना २२७ नं भागा, एका नगरसेवकाच्या वाट्याला ५५ हजार माणसं येतात. म्हणजे लक्षद्वीपचा खासदार आणि आपला नगरसेवक, दोघांच्या डोक्यावरचं ओझं जवळपास सारखंच! समुद्रात विखुरलेल्या बेटांना दिल्लीत स्वतःचा आवाज हवा, हे पटतं. तरी आकडा पाहून क्षणभर चक्रावायला होतंच.

खरा घोळ पुढे आहे.

लोकलचं बाक तिघींचं असतं. चौथी आली की "जरा सरका" म्हणते आणि तिला टेकण्यापुरती जागा द्यावी लागते. बाक तेवढंच राहतं. लोकसभेतल्या राज्यांच्या जागांचं तसंच झालंय. कुठल्या राज्याला किती जागा, हे आजही १९७१ च्या जनगणनेवर चाललंय. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, ४२ व्या घटनादुरुस्तीनं ही वाटणी २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली. ती मुदत सरत आली तेव्हा ८४ व्या दुरुस्तीनं ती पुढे ढकलली, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. कारण समजण्यासारखं होतं. कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्या राज्यांच्या जागा कमी व्हाव्यात आणि घेतलं नाही त्यांच्या वाढाव्यात, हा कुठला न्याय? पण त्यामुळे झालं असं की २०११ च्या आकड्यांनुसार केरळचा एक खासदार सुमारे पावणेसतरा लाख लोकांचा आहे आणि राजस्थानचा एक साडेसत्तावीस लाखांचा. मत दोघांचं एकच मोजलं जातं. महाराष्ट्र मधल्या मध्ये: १९७१ मध्ये एका जागेमागं साडेदहा लाख, २०११ मध्ये तेवीस लाखांहून जास्त.

मुंबईचे सहा खासदारही त्याच जुन्या हिशोबातले. १९७१ मध्ये बृहन्मुंबई साठ लाखांची होती, म्हणजे खासदाराला दहा-दहा लाख. माणसं दुपटीहून जास्त झाली, खासदार सहाच राहिले.

पण मुंबईच्या पोटात काय झालं ते जास्त बघण्यासारखं आहे. शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा जुना भाग, १९७१ मध्ये ३०.७ लाखांचा होता आणि २०११ मध्ये ३०.८५ लाखांचा. चाळीस वर्षांत जागचा हलला नाही. उपनगरं मात्र २९ लाखांवरून ९३ लाखांच्या पुढे गेली. गिरण्या बंद पडल्या, परळ-लालबागच्या खोल्या विकून माणसं कांदिवली, बोरिवली, विरारकडं गेली, हे आपल्या घराघरांत घडलंय. मतदारसंघांनी हे स्थलांतर उशिरा, पण नोंदवलं. राज्यांच्या एकूण जागा गोठलेल्या असल्या तरी राज्याच्या आतल्या सीमा २००१ च्या जनगणनेवरून पुन्हा आखायला ८७ व्या दुरुस्तीनं परवानगी दिली. ती आखणी २००८ मध्ये लागू झाली. त्याआधी मुंबईतल्या विधानसभेच्या ३४ जागांपैकी निम्म्या, १७, शहरात होत्या. आता एकूण ३६ आहेत, आणि शहरात उरल्यात फक्त १०. लोकसभेच्या प्रत्येक जागेत विधानसभेच्या सहा, म्हणून सहा छक्के छत्तीस. दक्षिण मुंबईच्या सहा शहरातच भरल्या, उरल्या धारावी, शीव कोळीवाडा, वडाळा आणि माहीम या चारच. तेव्हा दक्षिण मध्यला चेंबूर आणि अणुशक्तीनगर जोडावे लागले. दादरच्या आणि चेंबूरच्या माणसाचा खासदार एक, हे त्या हिशोबामुळे.

याच आखणीत कोकणातला राजापूर मतदारसंघ नकाशावरून गेला. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांना दिल्लीला पाठवणारा राजापूर. त्याचा भाग रत्नागिरी-सिंधुदुर्गात मिळाला आणि इकडं कल्याण, भिवंडी असे नवे मतदारसंघ उभे राहिले. माझे आजोबा राजापूरचे मतदार, मी पालघरची. चाकरमानी गावाहून इकडं आले, त्यांच्यामागून जागाही आल्या म्हणायच्या.

पालघरचा विषय निघाला की डब्यात हमखास एक प्रश्न येतो. हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. आमच्या सोबतची एक, संध्याकाळची भाजी गाडीतच निवडत बसते, ती म्हणाली, "म्हणजे आपल्या मताला किंमत नाही का गं?" आहे की. राखीव जागेचा अर्थ एवढाच की उमेदवार त्या प्रवर्गातला हवा. मत सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं सारखं. देशात अशा राखीव जागा अनुसूचित जातींसाठी ८४ आणि जमातींसाठी ४७ आहेत. महाराष्ट्रात जातींसाठी पाच (अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर) आणि जमातींसाठी चार (नंदुरबार, दिंडोरी, पालघर, गडचिरोली-चिमूर). मुंबईच्या सहा जागांत एकही राखीव नाही. विधानसभेला मात्र धारावी आणि कुर्ला राखीव आहेत.

पूर्वी हे वेगळ्या तऱ्हेनं चालायचं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ४८९ जागांसाठी मतदारसंघ होते ४०१, कारण त्यातले ८६ दोन खासदारांचे होते आणि बंगालमधला एक चक्क तिघांचा. दोन खासदारांच्या मतदारसंघात मतदाराला मतंही दोन. एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव. मुंबई शहर उत्तर हा असाच जोड मतदारसंघ होता आणि तिथून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले, बाबासाहेब साधारण साडेचौदा हजार मतांनी हरले. ज्यांनी मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळून हे लोकसभा प्रकरण कागदावर उतरवलं, त्यांना लोकसभेत कधी बसता आलं नाही. मुंबई राज्यातून ते राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पराभव झाला. जोड मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं मोडीत निघाले.

आता एका मतदारसंघात एकच खासदार, आणि ज्याला सगळ्यात जास्त मतं तो. निम्मी मतं मिळायला हवीत अशी अट नाही. एक मत जास्त असलं तरी पुरे. हे फक्त म्हणायला नाही. २०२४ मध्ये उत्तर पश्चिम मुंबईत मतदान यंत्रांची मोजणी संपली तेव्हा अमोल कीर्तिकर रवींद्र वायकरांच्या पुढे होते, एका मतानं. टपाली मतं धरल्यावर वायकरांना ४,५२,६४४ आणि कीर्तिकरांना ४,५२,५९६ अशी बेरीज झाली. फरक ४८. 'नोटा'चं बटण तिथं पंधरा हजारांहून जास्त लोकांनी दाबलं होतं. मतदानाच्या दिवशी सुट्टी धरून माथेरानला गेलेल्यांनी हा आकडा कपाटाच्या आत चिकटवून ठेवावा. देशातला विक्रम याहूनही बारीक आहे: १९८९ मध्ये अनकापल्लीत आणि १९९८ मध्ये राजमहलमध्ये अवघ्या नऊ मतांनी निकाल लागला होता.

खासदार व्हायला काय लागतं? फार काही नाही. भारताचं नागरिकत्व, वय २५ पूर्ण (राज्यसभेला ३०), देशात कुठंतरी मतदारयादीत नाव आणि २५ हजारांची अनामत. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर अनामत जप्त. शिक्षणाची अट नाही, आणि ज्या मतदारसंघात उभं राहायचं तिथं राहायलाच हवं असंही नाही. २०२४ मध्ये वर्षा गायकवाड धारावीच्या आमदार होत्या. धारावी येते दक्षिण मध्यमध्ये, त्या निवडून आल्या उत्तर मध्यमधून. म्हणजे धारावीच्या मतदाराला त्यांना मत देता येत नव्हतं. आणि निवडून आल्यावर आमदारकी सोडावी लागली, कारण दोन्हीकडं पाय ठेवता येत नाही. निकाल राजपत्रात आल्यापासून १४ दिवसांत विधानसभेचा राजीनामा दिला नाही तर खासदारकी जाते. एकाच वेळी दोन मतदारसंघांतून लढता येतं, पण दोन्हीकडं जिंकलं तर एक सोडायचं, आणि तिथं पोटनिवडणुकीचा खर्च पुन्हा आपल्याच खिशातून.

निवडून आलं म्हणजे लगेच सभागृहात बसता येतं असंही नाही, आधी शपथ. शपथ न घेता बसलं किंवा मत दिलं तर दिवसाला ५०० रुपये दंड, तो घटनेतच लिहिलाय. सदस्यत्व जायच्या वाटा बऱ्याच. परवानगी न घेता ६० दिवस गैरहजर राहिलं तर सभागृह जागा रिकामी ठरवू शकतं. दोन वर्षांची किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की अपात्रता, आणि २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अपिलाच्या आडोशाला तीन महिने थांबायची सवलतही गेली. पक्ष सोडला किंवा पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदी. त्याबद्दल महाराष्ट्रातल्या वाचकाला मी वेगळं काय सांगणार, गेल्या काही वर्षांत आपल्याकडं शेंबडं पोरही 'दोन तृतीयांश' म्हणायला शिकलंय.

सगळे ५४३ बसले की सरकार बनवायला २७२ लागतात. २०२४ मध्ये भाजपचे २४० आले, म्हणून मित्रपक्ष धरून २९३. काँग्रेसचे ९९. विरोधी पक्षनेतेपदासाठी सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे ५५, हा संकेत धरला जातो. २०१४ मध्ये काँग्रेस ४४ वर आणि २०१९ मध्ये ५२ वर अडकली, म्हणून दहा वर्षं ती खुर्ची रिकामी होती. हा एक दशांशाचा संकेत पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर यांच्या काळापासूनचा. अहमदाबादला वकिली केलेले, पण घराणं रत्नागिरीकडचं. त्यांच्यानंतर शिवराज पाटील, मुंबईतून निवडून आलेले मनोहर जोशी आणि चिपळूणच्या माहेरवाशीण, इंदूरच्या खासदार सुमित्रा महाजन, असे मराठी माणसांनी त्या खुर्चीवरून बरेचदा "शांत बसा" म्हटलंय.

लेडीज डब्यात बसून बायकांचा आकडा न सांगता कसं चालेल. २०२४ मध्ये ५४३ पैकी ७४ निवडून आल्या, २०१९ मध्ये ७८ होत्या. म्हणजे चार कमीच. महाराष्ट्रातून ४८ पैकी सात, मुंबईतून सहापैकी एक. आमच्या गाडीला सुद्धा बायकांसाठी याहून बरी सोय आहे असं एकजण म्हणाली, आणि दारात लोंबकळणाऱ्या दुसरीनं तिच्याकडं असं काही पाहिलं की ती गप्पच बसली. २०२३ मध्ये १०६ व्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या, आजच्या ५४३ वर धरल्या तर १८१. पण त्या दुरुस्तीनंच अंमलबजावणी जनगणना आणि त्यानंतरच्या सीमा आखणीशी बांधून टाकली.

तेव्हा सगळ्या दोऱ्या त्या एका मोजणीला येऊन मिळतात. १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस धरून जनगणना करायचं सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केलं. नव्या संसद भवनात लोकसभेच्या दालनात ८८८ जणांची बसायची सोय करून ठेवली आहे. बाक आधीच मोठं केलंय, सरकायला कुणाला सांगायचं त्यावर उत्तर आणि दक्षिण भांडतायत.

गाईडवाली मुलगी हे सगळं ऐकून म्हणाली, "मग ताई, नालासोपाऱ्याला वेगळा खासदार मिळेल?"

म्हटलं, आधी राज्याला किती मिळतात ते बघायचं, मग राज्याच्या आत कुठं किती. पण मोजणी माणसाच्या मुक्कामावर होते, ऑफिसवर नाही. मी दिवसाचे दहा तास चर्चगेटला असते, तू अंधेरीला. दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवर दुपारी जी गर्दी दिसते ती तिथल्या खासदाराच्या खात्यात येत नाही, रात्री पंखा लावून जिथं आडवी होते तिथल्या खात्यात येते. आणि या गाडीबद्दल तक्रार करायची तर ती पालघरच्याच खासदाराकडं, कारण गटार-पाणी पालिकेचं असलं तरी रेल्वे केंद्राची आहे, तिचा खर्च लोकसभा मंजूर करते.

"मग तक्रार लिहूया," ती म्हणाली. तेवढ्यात वसई गेलं. नालासोपाऱ्याला उतरणाऱ्या दाराकडं सरकायला लागल्या होत्या, मागून कुणीतरी "उतरणार का, उतरणार का" करत होतं. तिनं गाईड पिशवीत कोंबलं, पिशवी पोटाशी धरली आणि म्हणाली, "आधी उतरू, ताई."